औषध मारलं तरी कीड का मरत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसानं चार दिवस उघडीप दिली की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात मोबाइलवर फोटो यायला लागतात. पहिला फोटो अळीचा, दुसरा औषधाच्या बाटलीचा, आणि खाली एक ओळ: "दोनदा मारलं, मरंना झालीया." मी कृषी पदवीधर आहे, कीटकशास्त्र शिकलोय आणि दहा गुंठे वांगीही करतो. त्यामुळं हा प्रश्न माझ्याकडं दोन्ही वाटांनी येतो. दर वेळी तेच टाइप करण्यापेक्षा उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. बांधावर आपण कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो, म्हणून इथंही तोच शब्द ठेवलाय. आहे ते विषच.

"किडीला औषधाची सवय झालीय" असं दुकानदार सांगतो. म्हणजे नेमकं काय झालं?

'सवय' या शब्दानं फार घोटाळा केलाय. कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत पोरगं येतं, रोज जोर-बैठका काढतं, थंडाई पितं आणि चार-पाच वर्षांत पैलवान होतं. अळीचंही आपल्या डोक्यात तसंच चित्र असतं: रोज थोडं औषध पिऊन तगडी झालेली अळी. तसं होत नाही. एकटी अळी तिच्या जन्मात फारशी बदलत नाही. जी जगते तिच्यात जगायची सोय अंड्यातून बाहेर पडतानाच असते, बहुतेक वेळा आपण बाटली विकत घ्यायच्या आधीपासून.

बदलते ती रानातली सगळी वस्ती. हिशेब करून बघा. समजा रानात १० लाख किडी आहेत आणि त्यातल्या फक्त १० जणींच्या अंगात औषध सोसायची ताकद आहे. म्हणजे लाखात एक. फवारणीत साध्या किडींपैकी ९५ टक्के मेल्या. उरल्या ५० हजार साध्या आणि त्या १०. प्रमाण झालं पाच हजारांत एक. वस्ती पुन्हा वाढली, तुम्ही तेच औषध पुन्हा मारलं. आता अडीचशेत एक. तिसऱ्या फवारणीनंतर साधारण तेरात एक. चौथ्यानंतर निम्म्याहून जास्त.

हे आकडे समजावण्यापुरते आहेत, रानातला हिशेब इतका सरळ नसतो. पण यातून एक गोष्ट कळते. पहिल्या तीन फवारण्यांत तुम्हाला काहीच वेगळं दिसत नाही. औषध 'एक नंबर' चाललंय असं वाटतं. पाचव्या फवारणीला मात्र ते एकदम नापास होतं आणि आपण म्हणतो, बाटली डुप्लिकेट होती. खरं तर चाळण पहिल्या दिवसापासून चालू होती. उरलेल्यांची सोयरीक उरलेल्यांशीच होते, दुसरं कोणी शिल्लकच नसतं.

जगणाऱ्या किडीच्या अंगात असं काय वेगळं असतं?

चार तऱ्हा आहेत, आणि कधी कधी एकाच किडीत दोन-तीन एकत्र सापडतात.

सगळ्यात जास्त आढळते ती पचवण्याची. आपलं यकृत जसं नको ते पदार्थ मोडतं, तसे किडीच्या शरीरातही विष मोडणारे एन्झाइम असतात. काही किडींत ते जास्त प्रमाणात तयार होतात. अनेक पिकांवर येणाऱ्या हिरव्या माव्याच्या काही वाणांत तर असा एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाच्या एकाऐवजी कित्येक प्रती सापडल्या आहेत. औषध नसेपर्यंत पोहोचायच्या आत त्याचे तुकडे होतात.

दुसरी तऱ्हा कुलूप बदलण्याची. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीन ही सगळी पायरेथ्रॉइड औषधं. नसांमध्ये सोडियम आत सोडणारी बारीक दारं असतात. ही औषधं ती दारं उघडीच धरून ठेवतात, म्हणून कीड आधी थरथरते, उताणी पडते आणि मग मरते. त्या दाराच्या प्रथिनात एक छोटा दुवा बदलला की औषध नीट बसत नाही. गंमत म्हणजे डीडीटीही याच दारावर काम करायचं. त्यामुळं पायरेथ्रॉइड बाजारात नवीन आली तेव्हा डीडीटीनं चाळलेल्या काही किडींना त्यांचं कुलूप आधीपासूनच बदललेलं होतं. यालाच तिरकी प्रतिकारशक्ती म्हणतात: एका औषधानं तयार केलेली कीड, न मारलेल्या दुसऱ्या औषधालाही दाद देत नाही.

तिसरी तऱ्हा कातडीची. बाहेरचं आवरण जाड किंवा वेगळ्या बनावटीचं असलं की औषध आत हळू शिरतं. एकट्यानं याचा फार फायदा नाही, पण पचवणाऱ्या एन्झाइमला वेळ मिळतो.

चौथी मला सगळ्यात आवडते. झुरळं मारायला गोड आमिषात विष मिसळतात. अमेरिकेत १९९३ साली नोंद झाली की काही ठिकाणची जर्मन झुरळं ग्लुकोज तोंडातच घेत नाहीत. पुढं २०१३ साली कारण सापडलं: त्यांच्या जिभेवरच्या, म्हणजे तोंडाजवळच्या चव ओळखणाऱ्या पेशींना ग्लुकोज कडू लागतं. विष पचवायची गरजच उरली नाही. साखर कडू लागणारी झुरळं!

विष पचवायची ही कला किडींकडं आली कुठून?

वनस्पतींकडून. आपण फवारणी सुरू केली ती कालपरवा. झाडं कोट्यवधी वर्षांपासून किडींवर विष वापरताहेत. तिखट, कडू, उग्र वासाचं जे जे काही पानात असतं, त्यातलं बरंचसं कोणीतरी खाऊ नये म्हणून असतं.

बांधावरची रुई घ्या. तिचा चीक जनावरांच्या हृदयावर परिणाम करतो, शेळीसुद्धा तोंड लावताना विचार करते. पण बिबळ्या कडवा फुलपाखराची काळी-पिवळी पट्ट्यांची अळी त्याच पानावर आरामात वाढते. एवढंच काय, ते विष अंगात साठवून पक्ष्यांनाही टाळते.

आता आपल्या भागाशी जवळचं उदाहरण. कागल-निपाणी पट्ट्यात तंबाखू हे जुनं पीक. निकोटीन हे तंबाखूचं स्वतःचं कीटकनाशक आहे. जगात हिरव्या माव्याचा एक वाण तंबाखूवर राहायला शिकला, कारण त्याच्यात निकोटीन मोडणारा एन्झाइम वाढला होता. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड या औषधांना निओनिकोटिनॉइड म्हणतात. नावातच निकोटीन आहे, आणि ती किडीच्या नसांत त्याच जागी काम करतात. त्यामुळं तंबाखूवरच्या माव्याची निम्मी तयारी ही औषधं बाजारात यायच्या आधीच झालेली होती.

पांढऱ्या माशीनं तर हद्दच केली. २०२१ साली चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं की झाडाचं विष निकामी करणारं एक जनुक तिच्याकडं आहे, ते मुळात वनस्पतीचंच. कधीतरी ते तिच्यात आलं आणि राहिलं. घरफोडीसाठी घरमालकाचीच किल्ली.

हे सगळं अलीकडंच सुरू झालंय का? आमच्या वडिलांच्या काळात असं नव्हतं.

होतं, पण कमी होतं. १९१४ साली मेलँडर या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञानं लिहून ठेवलंय की वॉशिंग्टन राज्यातल्या फळबागांत खवले कीड गंधक-चुन्याच्या द्रावणाला जुमानत नाही. डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ साली पॉल म्युलर यांनी ओळखला, १९४८ साली त्यांना नोबेल मिळालं. पण १९४६-४७ मध्येच युरोपातल्या घरमाश्या डीडीटीला दाद देईनाशा झाल्या होत्या. भारतात शेतीच्या किडींमधली पहिली नोंद १९६३ सालची, शिंगाड्यावरच्या भुंगेऱ्याची. १९८७-८८ च्या हंगामात आंध्रात कापसावरच्या हिरव्या बोंडअळीनं, म्हणजे आपल्या हरभऱ्यावरच्या घाटेअळीनं, पायरेथ्रॉइडचा पार फज्जा उडवला. आज जगभरात ६०० हून जास्त जातींच्या किडी आणि कोळ्यांत कोणत्या ना कोणत्या औषधाला प्रतिकारशक्ती नोंदलेली आहे.

मी दर वेळी औषध बदलतो. तरी का होतं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा थांबून वाचा.

तुम्ही बाटली बदलता. औषध बदलताच असं नाही. मागल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका मामांनी फ्लॉवरवर पंधरा दिवसांत तीन वेगवेगळ्या नावांची औषधं मारली. तीन कंपन्या, तीन रंगांची लेबलं, तीन किमती. मी बाटल्या मागवल्या आणि लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेला घटक वाचला. तिन्हींत इमामेक्टिन बेंझोएट. मामांनी औषध बदललंच नव्हतं, फक्त दुकानदाराला तीनदा पैसे दिले होते. दुकानदारानं फसवलं असंही म्हणत नाही. मामांनी "दुसरं द्या" म्हटलं, त्यानं दुसरं दिलं.

पुढची अडचण अशी की घटकाचं नाव वेगळं असलं तरी काम करायची तऱ्हा एकच असू शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय पातळीवर औषधांना गटाचे आकडे दिलेत. नावं विसरलात तरी चालेल, आकडा लक्षात ठेवा. भाजीपाल्यात आपल्याकडं नेहमी लागणारे गट असे: क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, ॲसिफेट हे १-बी. पायरेथ्रॉइड ३-ए. निओनिकोटिनॉइड ४-ए. स्पिनोसॅड आणि स्पिनेटोरम ५. इमामेक्टिन आणि ॲबामेक्टिन ६. इंडोक्साकार्ब २२-ए. क्लोरँट्रानिलीप्रोल, फ्लुबेंडियामाइड, सायँट्रानिलीप्रोल हे तिन्ही २८. फ्लोनिकामिड २९.

आता पुन्हा वाचा: क्लोरँट्रानिलीप्रोल मारून झाल्यावर "जरा वेगळं" म्हणून फ्लुबेंडियामाइड मारलं, तर २८ वर पुन्हा २८ च. किडीच्या दृष्टीनं काही बदललं नाही.

दुसरं, बदल करायचा तो पिढीप्रमाणे. एकाच पिढीवर एकाच गटाचं औषध लेबलात बसेल तेवढं मारा, आणि पुढच्या पिढीला तो गट पूर्ण बंद. आपल्या हवेत कोबी-फ्लॉवरवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते. माव्याला त्याहून कमी दिवस लागतात. आज एक गट, चौथ्या दिवशी दुसरा, आठव्या दिवशी तिसरा असं केलं तर एकाच पिढीला तिन्ही गटांनी चाळून काढता.

मग दोन-तीन औषधं एकत्र करूनच मारली तर?

सगळेच करतात. टाकीत अळीचं, रसशोषक किडीचं, बुरशीचं, वर टॉनिक आणि स्टिकर (फवारा पानाला चिकटवणारं द्रव). खिचडीत मीठ किती पडलं हे कोणालाच माहीत नसतं. कंपनीनं तपासून एकत्र केलेलं, लेबल असलेलं मिश्रण वेगळं. त्यातही दोन्ही घटक त्या किडीवर पूर्ण ताकदीनं चालत असतील तरच प्रतिकारशक्तीच्या दृष्टीनं फायदा. एक आधीच निकामी झाला असेल तर सगळा भार दुसऱ्यावर पडतो आणि तोही लवकर जातो. घरगुती मिश्रणाचा आणखी एक धोका आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा अशा मिश्रणांचीही चर्चा झाली होती. पाठीवर पंप आपलाच असतो.

डोस वाढवला तर मरेल ना?

एखादी फवारणी साधेल. पण जी कीड औषध मोडून टाकते तिच्यापुढं दीडपट डोस फार काळ टिकत नाही. तोवर ढालकिडे, क्रायसोपा, जाळी विणणारे कोळी हे किडी खाणारे आपले गडी मात्र शंभर टक्के मरतात. वांग्यावर, भेंडीवर पायरेथ्रॉइडचा मारा झाला की पानांचा रस शोषणारा बारीक लाल कोळी उसळतो तो याचमुळं. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांचंही तेच: औषधानं कमी व्हायच्या ऐवजी वाढले, असा अनुभव आशियाभर आहे.

कमी डोसही तितकाच वाईट. "पंपाला निम्मंच टाकलं, बघू तरी" यात अर्धवट सोसणाऱ्या किडी जगतात. लेबलवरचा डोस, पुरेसं पाणी, पानाच्या खालच्या बाजूला पोचणारा फवारा. याला पर्याय नाही.

कीड मरत नाही म्हणजे प्रतिकारशक्तीच आली, हे कसं ओळखायचं?

माझ्याकडं येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याचशा प्रतिकारशक्तीच्या नसतात. कधी नोझल झिजलेलं असतं. कधी अळी इतकी मोठी झालेली असते की तिला कशानंच लवकर मरण नाही. कधी फवारून तासाभरात वळीव कोसळतो. कधी लाल कोळ्याच्या प्रादुर्भावावर माव्याचं औषध मारलेलं असतं. शिरोळ-हातकणंगल्याच्या क्षारपड पट्ट्यात विहिरीचं पाणी अल्कधर्मी निघतं. ऑर्गॅनोफॉस्फेटसारखी (म्हणजे वरच्या १-बी गटातली) काही औषधं अशा पाण्यात जास्त वेळ राहिली की विघटित होतात. पाण्याचा सामू (पीएच) एकदा तपासून घ्या, खर्च किरकोळ आहे.

हे सगळं ठीक असेल तर घरच्या घरी एक चाचणी होते. हातमोजे घालून लेबलच्या प्रमाणात थोडं द्रावण करा. न फवारलेल्या झाडाची पानं त्यात दहा सेकंद बुडवून सावलीत वाळवा. दुसरी काही पानं नुसत्या पाण्यात बुडवा. दोन डब्यांत, झाकणाला बारीक भोकं पाडून, एकाच वयाच्या लहान अळ्या वीस-वीस सोडा. दोन-तीन दिवसांनी मोजा. पाण्यावरच्या जगल्या आणि औषधावरच्याही बऱ्याच जगल्या, तर शंका खरी. क्लोरँट्रानिलीप्रोलसारख्या औषधात अळी आधी खायचं थांबवते आणि सावकाश मरते, म्हणून दुसऱ्या दिवशी घाई करू नका. डबे नंतर स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत हेही बघा. आमच्या घरी एकदा लोणच्याच्या बरणीवरून मोठं महाभारत झालं.

शंका पक्की वाटली तर कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातल्या किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या कीटकशास्त्रज्ञांना अळ्या नेऊन दाखवा. फोटो नको, अळ्या न्या.

आपल्या जिल्ह्यात जास्त काळजी कोणत्या किडींची?

पहिला नंबर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा. कोबीवर्गातली ही एवढीशी हिरवी अळी, पण जगातली सगळ्यात बेरकी. जावा बेटावर १९५३ सालीच ती डीडीटीला पुरून उरल्याची नोंद झाली. नंतर जे जे आलं ते तिनं पचवलं. पिढ्या भराभर, आणि शिरोळ भागात वर्षभर कुठं ना कुठं फ्लॉवर उभाच, त्यामुळं तिला सुट्टी नाही. इथं कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावायची जुनी शिफारस आहे. पतंग मोहरीवर अंडी घालतो, आणि मुख्य पिकावरच्या फवारण्या कमी होतात. ओळी वाया जातात म्हणून लोक लावत नाहीत. मला वाटतं तीन फवारण्यांचा खर्च मांडला तर ओळी स्वस्त पडतात.

त्यानंतर मिरची आणि टोमॅटोवरचे फुलकिडे, पांढरी माशी. टोमॅटोची नागअळी २०१४ साली भारतात सापडली. युरोपात ती २८ व्या गटालाही जुमानेनाशी झालीय, तेव्हा इथं तो गट जपून वापरा. वांग्याची शेंडा आणि फळ पोखरणारी अळी दुहेरी त्रासाची: काही औषधांना दाद देत नाही आणि शिवाय फळात लपते. तिला कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे) आणि किडके शेंडे खुडून नष्ट करणं हाच निम्मा उपचार.

राधानगरी, गगनबावडा, आजरा या भात पट्ट्यात तपकिरी तुडतुडे. आशियात २००० नंतरच्या दशकात त्यांनी इमिडाक्लोप्रिडला मोठ्या प्रमाणात प्रतिकार दाखवला.

उसाचं वेगळं आहे. मुळं खाणारी हुमणी मरत नाही त्याचं मुख्य कारण म्हणजे ती मातीत खोल असते आणि औषध तिथं पोचत नाही. वळवाचा पहिला पाऊस झाल्यावर कडुनिंबा-बाभळीवर जमणारे हुमणीचेच भुंगेरे गावानं मिळून गोळा केले तर जे साधतं ते नंतर ड्रेंचिंगनं (मुळाशी औषध ओतून) साधत नाही. उसावरचा लोकरी मावा तर धडाच आहे. २००२ साली सांगली भागात तो फुटला तेव्हा सगळे फवारणीच्या मागं लागले. आठ-दहा फूट उंच उसात फवारणार कसं? शेवटी त्याला आवरलं ते डिफा अळी, मायक्रोमस आणि एन्कार्सिया या मित्रकीटकांनी.

बीटी कापसाचं काय झालं? तिथं तर विष पिकातच होतं.

कापूस आपल्याकडं पिकत नाही, इचलकरंजीत त्याचं सूत येतं तेवढाच संबंध. पण गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. बीटी हा अळ्यांना विषारी प्रथिन बनवणारा जिवाणू, त्याचं जनुक कापसात घातलं की बीटी कापूस. २००२ साली एका बीटी प्रथिनाच्या कापसाला परवानगी मिळाली, २००६ साली दोन प्रथिनांचा आला. २०१० साली गुजरातेत गुलाबी बोंडअळीनं पहिल्याला दाद दिली नसल्याचं जाहीर झालं, पुढच्या चार-पाच वर्षांत दुसऱ्यालाही. २०१७ साली विदर्भात तिनं हाहाकार केला.

नियम होता की बीटीभोवती साध्या कापसाच्या ओळी लावायच्या. विषाशी कधी गाठ न पडलेले पतंग तिथं वाढतात, आणि एखादा प्रतिकारक पतंग निघालाच तर त्याची जोडी यांच्याशी जमते. पोरं बहुतेक साधी निघतात. शेतकऱ्यांनी ती साध्या बियाण्याची पुडी बांधावर टाकून दिली. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये असा आसरा नेटानं राखला, पुढं नपुंसक केलेले पतंगही सोडले, आणि २०१८ साली अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर झालं. कीड तीच, विष तेच.

सेंद्रिय औषधांना तरी असं होत नाही ना?

होतं. विष कारखान्यातलं की झाडातलं याच्याशी चाळणीला देणंघेणं नसतं. बीटी जिवाणूची फवारणी सेंद्रियच. हवाई बेटांवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगानं तिला प्रतिकार केल्याचं १९९० साली प्रसिद्ध झालं. जर्मनीत सफरचंदावरच्या अळीनं विषाणूजन्य औषधालाही हरवलं.

कडुनिंबाबद्दल एक छान प्रयोग आहे. हिरव्या माव्याच्या एका गटावर ४० पिढ्या शुद्ध ॲझाडिरॅक्टिन वापरलं, दुसऱ्या गटावर निंबोळीचा पूर्ण अर्क. शुद्ध घटकाला नऊपट प्रतिकार तयार झाला, अर्काला झाला नाही. अर्कात अनेक घटक एकत्र असतात, सगळ्यांवर एकदम उपाय शोधणं किडीला जड जातं. तेव्हा घरी कुटलेल्या ५ टक्के निंबोळी अर्काला नावं ठेवू नका. निंबोळ्या मात्र मे-जूनमध्ये गोळा करायला लागतात, आणि तेव्हा आपण पेरणीच्या गडबडीत असतो.

विषच कशाला? भाताची आयआर-२६ ही तुडतुड्यांना न बधणारी जात १९७३ साली आली, तीन-एक वर्षांत तुडतुडे तिच्यावर जगायला लागले. अमेरिकेत मका-सोयाबीन फेरपालट करून मुळं खाणारा भुंगेरा आवरला होता, तर त्याच्या काही वाणांनी अंडी सोयाबीनच्या रानात घालायला सुरुवात केली, म्हणजे पुढच्या वर्षी तिथं मका येतोच. फेरपालटालाही प्रतिकार!

घरातल्या डास, झुरळ, ढेकणांना हेच लागू आहे का?

तंतोतंत. कॉइल, लिक्विड, स्प्रे यांत बहुतेक पायरेथ्रॉइडच असतात, नाव काहीही असो. रंकाळ्याच्या कडेला राहणाऱ्या माझ्या बहिणीची तक्रार असते की डास कॉइलवरच येऊन बसतात. अतिशयोक्ती सोडली तरी डासांत पायरेथ्रॉइडचा प्रतिकार भारतात अनेक ठिकाणी नोंदलाय. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो; आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडं करण्याला कोणताही डास प्रतिकार करू शकत नाही. ढेकूण आणि उवांचंही तेच. उवांना बारीक फणी.

गोठ्यातली गोचीड कीटक नाही, आठ पायांची आहे, पण डेल्टामेथ्रीन-सायपरमेथ्रीनला तीही सरावलीय (बघा, मीही सवयीचाच शब्द वापरला). पशुवैद्यांना विचारून औषध बदला आणि गोठ्याच्या भेगा बुजवा.

धान्यातल्या पोरकिड्यांसाठी काही लोक शाळवाच्या पोत्यात ती विषारी वायूची गोळी ठेवतात. कृपा करून ठेवू नका. तो वायू झोपलेल्या माणसालाही मारतो, आणि ती गोळी घरगुती वापरासाठी नाहीच. शिवाय गळक्या खोलीत अर्धवट वायू मिळालेले किडेच पुढं प्रतिकारक निघतात. कडक उन्हात वाळवून हवाबंद डब्यात भरा.

एकदा गेलेला औषधाचा गुण परत येतो का?

कधी कधी. प्रतिकार सांभाळायला किडीला काही वेळा किंमत मोजावी लागते: अंडी कमी, वाढ सावकाश. ते औषध काही हंगाम बंद ठेवलं की साध्या किडी पुन्हा वरचढ होतात. पण ते जनुक संपत नाही. परत सुरू केलं की पहिल्यापेक्षा लवकर नापास होतं. आणि एकट्यानं बंद ठेवून उपयोग नाही. पतंगाला सात-बारा कळत नाही.

नवीन औषध येईलच की?

येतात. ३० नंबरचा गट आलाय. पण एक नवा घटक शोधापासून बाजारात यायला दहा-बारा वर्षं आणि सुमारे ३० कोटी डॉलर लागतात. किडीला त्याची वासलात लावायला कधी कधी चार-पाच हंगाम पुरतात.

तुम्ही स्वतः काय करता?

फार काही शहाणपणा नाही. आठवड्यातून दोनदा वांग्यात फिरतो, वीस झाडं बघतो, किडके शेंडे खुडतो. सापळे लावतो. आर्थिक नुकसानीची पातळी (कीड इतकी वाढणं की फवारणीचा खर्च परवडेल) गाठल्याशिवाय पंप काढत नाही, असं म्हणायला आवडेल. शेजाऱ्याचा पंप सुरू झाला की माझाही हात शिवशिवतो. गेल्या वर्षी दोनदा उगीच मारलं.

एक गोष्ट मात्र चुकवत नाही. फवारणी झाली की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला गटाचा आकडा लिहितो. पुढची बाटली घ्यायला जाताना त्याचा फोटो काढून नेतो आणि दुकानात सांगतो, हा आकडा सोडून काय आहे ते दाखवा. अडचण एवढीच की त्याच कॅलेंडरवर आमच्याकडं दुधाचा हिशेबही असतो. मागल्या महिन्यात बायकोनं बेरीज केली तेव्हा एका दिवसाला २८ लिटर दूध निघालं, आणि डेअरीवाल्यानं पैसे कमी दिले म्हणून ती त्याच्याशी भांडून आली. आता गटाचा आकडा लाल पेनानं लिहितो.